गेटवरचा पगार

आमच्याकडे फौजी रिटायर होऊन आला की पहिले काही दिवस हार-नारळ होतात, गावातली पोरं मागे फिरतात, आणि मग एक दिवस पारावरचं कुणीतरी विचारतं, "मग, कुठलं गेट मिळालं?" त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पाटणच्या बाजूला माझं सासर. तिथे घरटी एक माणूस फौजेत आणि परत आलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गेटवर. बँकेचं गेट, साखर कारखान्याचं गेट, कॉलेजचं गेट. एक चुलत दीर एटीएमच्या काचेच्या दाराशी बसतात. त्याला गेट म्हणायचं की नाही यावर गावात एकदा चांगली खडाजंगी झाली होती.

आमच्या ह्यांचं तसं होणार नाही, असं मी धरून चालले होते. कारण ह्यांचं फौजेतलं काम जनरेटरचं. बर्फात, वाळूत, जिथे कुठे छावणी पडेल तिथे वीज चालू ठेवायची. मी फॅमिली क्वार्टरमध्ये होते तेव्हा हे घरी यायचे ते हाताला ऑइलचा वास घेऊनच. साबण संपायचा, वास जायचा नाही. रजेवर गावी आले की लोक शेतातल्या मोटारी घेऊन दारात हजर. चहा राहिला बाजूला, हे आधी मोटार उघडायचे. पैसे कुणी दिले नाहीत आणि ह्यांनी मागितले नाहीत. "फौजीला पैसं कसं द्यायचं, घरचा माणूस," असं म्हणून लोक पिशवीभर घेवडा ठेवून जायचे. त्या घेवड्याचा मला आजही राग आहे.

रिटायर झाल्यावर साताऱ्यात घर केलं आणि ह्यांनी मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान टाकलं. काम भरपूर आलं. गिऱ्हाईक विचारायचं, किती झाले? हे म्हणायचे, "द्या काय द्यायचं ते." आता असं म्हटल्यावर माणूस काय देणार? जे द्यायचं तेच दिलं लोकांनी, आणि दुकान बंद झालं.

मग एमआयडीसीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियनची जागा निघाल्याचं कळलं. कपडे इस्त्री करून, बूट चमकवून हे सकाळी गेले. दुपारी आले ते हातात सिक्युरिटीची वर्दी घेऊन.

"हे काय?" मी म्हटलं.

"साहेबांनी इचारलं, माजी सैनिक हाय का? म्या म्हटलं, व्हय सर. मग म्हणाले, गेटला जागा हाय, तुमची अपेक्षा काय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"जो हुकूम, सर."

हे सांगताना चेहऱ्यावर थोडा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. मी कपाळावर हात मारून घेतला. पण मग मी विचार केला, की ह्या माणसाला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारलाच कधी होता? फौजेत पगार हुद्द्यावर आणि नोकरीच्या वर्षांवर ठरतो. कुणी कुणाला विचारत नाही, बाबा रे, तुला किती हवेत? आणि फौजेच्या आधी वडिलांच्या शेतावर होते, तिथे तर तो प्रश्नच नाही. साहेबांनी विचारलं अपेक्षा काय, ह्यांना वाटलं हुकूम सोडायच्या आधीची ही काहीतरी रीत असेल.

गंमत अशी, की पगार वाईट नव्हता. माजी सैनिकांना गेटवर काय द्यायचं याचा दर ठरलेला असतो म्हणे, आणि तो चांगला होता. ह्यांनी मागितलं असतं तरी तेवढाच मिळाला असता आणि नाही मागितला तरी तेवढाच मिळाला. राग कुठे ठेवायचा तेच मला कळेना.

गेटवर काय काम? आलेल्या गाडीखाली आरसा धरायचा, नाव लिहून घ्यायचं, दांडा वर करायचा, दांडा खाली करायचा. आणि सॅल्यूट. हे कुणालाही सॅल्यूट ठोकायचे. मालकाला ठोकला तर समजू शकते, पण कँटीनला भाजी टाकायला येणारा टेंपोवालासुद्धा सुटायचा नाही. तो बिचारा सुरुवातीला मागे वळून बघायचा, कुणी साहेब आलाय का म्हणून. मी ह्यांना म्हणायचे, "तुमचा अर्धा पगार त्या सॅल्यूटचाच आहे." हे हसायचे. नंतर हसायचे बंद झाले.

घरी आल्यावर बोलायचे ते कारखान्याच्या मागच्या बाजूच्या जनरेटरबद्दल. आज आवाज जड येत होता, आज दोनदा बंद पडला. बघायला जाता येत नाही, गेट सोडायचं नाही. मग घरातला मिक्सर उघडायचे. चांगला चालणारा मिक्सर. उघडून, पुसून, परत बसवायचे. पंखा झाला, इस्त्री झाली, शेजारणीची इस्त्री झाली. आमच्या दोघांत काही भांडण नव्हतं, पण घरात एक माणूस दिवसेंदिवस गप्प होत चाललाय आणि त्याचा पगार मात्र नियमित येतोय, ह्याला काय म्हणायचं? तक्रार करायला जागा नव्हती आणि तक्रार तर होती.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही स्वतः काय करता? ते सांगायलाच हवं, कारण माझ्या डोक्याचा गुंता तिथूनच सुरू होतो.

मी डी.एड. झालेली. फौजेच्या बदल्यांमुळे नोकरी कुठे धरता आली नाही. साताऱ्यात आल्यावर एका इंग्रजी शाळेत लागले. मला वाटलं, आता शिकवायला मिळणार. मिळालं, पण थोडंच. सकाळी शाळेच्या दारात उभं राहून पोरांचे टाय आणि आयकार्ड बघायची ड्यूटी माझ्याकडे होती, दुपारी बसमध्ये पोरं मोजून चढवायची, आणि उरलेल्या वेळात कसली ना कसली माहिती भरायची. म्हणजे नवऱ्याच्या आधी मीच गेटवर लागले होते म्हणायचं! पगार तर सांगायलाच लाज वाटेल असा. वर्षभराने सोडली आणि मोती चौकाजवळच्या एका साडीच्या दुकानात कामाला लागले. शेठ पहिल्या दिवशी म्हणाले, पगार काय घेणार? मी शाळेत मिळायचा त्याच्या वरचा आकडा धाडकन सांगितला. शेठनी मान हलवली. इतकी सहज हलवली, की मला रात्रभर वाटत राहिलं, अजून सांगायला हवा होता.

आणि त्या दुकानात मी काय करते? शिकवते. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या घरातल्या सहा बायकांना सहा मतं असतात. प्रत्येकीला समजेल असं, न चिडता, परत परत सांगायचं. काठ कसला, पोत कसला, धुताना काय होईल. डी.एड.च्या पाठ टाचणात जसं आधी सोपं मग अवघड घ्यायला शिकले होते, तसंच मी साड्या उलगडते. गिऱ्हाइकं शेठना सांगतात, "त्या बाईंच्याकडंच बसवा आम्हाला." शेठ मला मास्तरीणबाई म्हणतात आणि दिवाळीला साडी देतात. शाळेत शिकवायचं सोडून सगळं केलं, त्याचे पैसे नाहीत. दुकानात शिकवते, त्याचे मिळतात, पण ते शिकवण्याचे म्हणून मिळत नाहीत. मला हे आजवर नीट उलगडलेलं नाही. साडी उलगडता येते, हे नाही.

तर, ह्यांच्याकडे येते. कंपनीतला एक इलेक्ट्रिशियन पुण्याला निघून गेला आणि मेंटेनन्सच्या साहेबांनी ह्यांना गेटवरच विचारलं, तुम्ही पूर्वी जनरेटरवर होता ना, मग अर्ज का करत नाही? ह्यांनी अर्ज केला. वर्कशॉपमध्ये बोलावून काम करून घेतलं, ते त्यांना पसंत पडलं. त्या दिवशी हे घरी आले आणि चहा पिताना शीळ घालत होते. लग्नानंतर मी ती शीळ फार कमी वेळा ऐकली आहे. आता फक्त ऑफिसातल्या साहेबांची भेट बाकी होती, पगार ठरवायचा. सोमवारी.

ती भेट कशी होणार ते मला दिसतच होतं.

मधे दोन दिवस मी माहेरी तासगावला गेले होते. बेदाण्याचे दिवस, दादा शेडवर. जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, खाली बायका काड्या निवडत बसलेल्या. वहिनीही त्यांच्यातच. तिचा हात असा चालतो की बघत राहावं, आणि शेजारी बसलेली बाई एक-एक दाणा उचलून जणू त्याची विचारपूस करत होती. मी वहिनीला विचारलं, दोघींना रोज सारखाच?

"सारखाच की. हात चालू दे न्हाईतर न चालू दे, रोज तोच."

"मग तू कशाला एवढी मरमर करतेस?"

"सावकाश केलं की हात दुखत्यात माझं," ती म्हणाली आणि हसली. ते उत्तर मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले.

मी दादाला ह्यांची गोष्ट सांगितली. दादाने जाळी सारखी करत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे बघ, माल चांगला असतोय, मान्य. पर सौद्याला व्यापारी कोण बसल्यात, त्या दिवशी आवक किती आली, आन तू बोलतीस किती, त्यावर दर. बोलणाऱ्याचं हुलगं खपत्यात, न बोलणाऱ्याचं गहू खपत न्हाईत. दाजींना बोलायला शिकीव."

हे मला पटलं. निदान करण्यासारखं काहीतरी होतं.

घरी आल्या आल्या मी ह्यांची शिकवणी लावली. स्वयंपाकघरात मी स्टुलावर साहेब होऊन बसले. "या, बसा," मी म्हटलं. हे उभेच.

"आवं, बसा म्हणाले ना साहेब!"

"साहेबांसमोर बसायची सवय न्हाई गं."

"सवय करा. बसा. हां. तुमची अपेक्षा काय?"

हे हळूच म्हणाले, "गेटवर जेवढा मिळतोय तेवढा..."

"असं नाही! आधी त्याच्या वरचा आकडा सांगायचा. मग साहेब खाली ओढतील, मग तुम्ही थोडं खाली यायचं. दुकानात रोज चालतं हे."

"म्हंजी जे घ्यायचं न्हाई ते आधी सांगायचं?"

"हो."

"खोटं?"

"खोटं नव्हे, भाव!" मी ओरडलेच. डी.एड.ला शिकवलेला सगळा संयम शेठकडे खर्च होतो, घरी काही उरत नाही. पण आम्ही करत राहिलो. शेवटी हे ताठ बसून, मान वर करून, आकडा सांगायला लागले. आवाज परेडचा यायचा, पण आकडा बरोबर यायचा. सोमवारी मी ह्यांना दही-साखर देऊन पाठवलं.

संध्याकाळी आले. बूट काढले, जागेवर ठेवले. मी विचारलं, सांगितला आकडा?

"सांगितला."

"बसून?"

"बसून."

"मग?"

मग जे झालं ते ह्यांनी सांगितलं ते असं. साहेब आकडा ऐकून हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, वर्कशॉपच्या जागा कंत्राटदारामार्फत भरतात आणि नवा माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर लागतो, मग तो कुणीही असो. तुमचं काम चांगलं आहे असं मला कळलंय, पण पायरी तीच. तो पगार गेटपेक्षा बराच कमी होता. ह्यांनी तेव्हा शिकवलेलं सगळं सोडून एक प्रश्न विचारला. म्हणाले, "सर, गेटवर मला जास्त का मिळत्यात?" तर साहेब म्हणाले, "गेटवर तुमची फौजेतली वर्षं धरली जातात. इथं तुम्ही नवे."

"पण ती वर्षं तर जनरेटरवरच गेली ना!" मी म्हटलं.

"तेच म्या म्हटलं. साहेब म्हणाले, खरं हाय. रविवारपत्तोर इचार करून सांगा."

साहेबांचा मला राग यावा अशी माझी फार इच्छा होती. पण तो माणूस सरळ बोलला होता. मेंटेनन्सचे साहेबही भले. दादाचं म्हणणंही खोटं नव्हतं, हे बोललेही होते. मग चुकलं कुठे? जिथे ह्यांना येतं ते लागत नाही तिथे ह्यांच्या वर्षांचे पैसे मिळतात, आणि जिथे सगळं येतं तिथे हे नवे. मी तो आठवडाभर साड्या दाखवताना हेच घोळवत होते. एका नवरीच्या आईला मी डाळिंबी म्हणून मोरपंखी दाखवली. शेठ म्हणाले, "मास्तरीणबाई, बरं वाटत नाही का?"

खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. गेटचा पगार आणि वर्कशॉपची शीळ. हिशेब केला की वाटायचं, पेन्शन आहे, कमी पगारातही भागेल, थोडं ओढून. मग लगेच वाटायचं, का ओढायचं? चांगली सतरा वर्षं घातलेल्या माणसाने का म्हणून खालच्या पायरीवर उभं राहायचं? सकाळी एक मत, दुपारी दुसरं. ह्यांना तर काही विचारायची सोय नाही. विचारलं की मिक्सर उघडायचे.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हे माझ्यासमोर येऊन बसले. स्टुलावर मी होते, हे खाली पाटावर.

"सांग मग," हे म्हणाले.

"काय सांगू?"

"काय करायचं ते. तू सांगशील तसं."

माझं डोकंच फिरलं. "आवं, मी काय साहेब हाय का तुमचा? मी हुकूम सोडायचा आन तुम्ही मान हलवायची? उद्या परत जनरेटर, जनरेटर करत बसला तर मी काय करू? तुम्हाला काय पायजे ते सांगा की एकदा तोंडानं!"

"मला?"

"मग कुणाला?"

हे पगाराचा आकडा पाठ करताना जेवढे अडखळले नव्हते तेवढे अडखळले. मी भांडी आवरायला उठणार होते, पण उठले नाही.

"मला मशीनकडं जायचंय," हे म्हणाले. "गेटवर उभा राहून मी दमत न्हाई गं. दिवसभर उभा असतोय, तरी दमत न्हाई. आन दमल्याबगार मला झोप लागत न्हाई. पैसं कमी आलं तर कमी आलं."

मला रडूच आलं. इतके महिने शेजारी झोपलेला माणूस जागा होता आणि मला वाटायचं घोरत नाही म्हणजे तब्येत सुधारली. रडता रडता मी हिशेबही करत होते, दूधवाला, लाइट बिल, गावी पाठवायचे. मग परत राग आला.

"मग हेच त्या साहेबांना का न्हाई सांगितलं?"

"त्यांनी कुठं इचारलं? त्यांनी पगाराचं इचारलं."

एवढं बोलून हे मोकळे झाल्यासारखे दिसले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मिशी पुसली. आणि अगदी सहज, माझ्याच आवाजात विचारावं तसं, विचारलं, "आन तुला गं?"

"मला काय?"

"तुला काय पायजे? साळा का दुकान?"

शेठनी पगार विचारला होता तेव्हा मी श्वास घ्यायच्या आत आकडा सांगितला होता. आता मी तोंड उघडलं. शाळा म्हणावं तर दारातले टाय आठवले. दुकान म्हणावं तर वर्गातला फळा आठवला, नवा खडू पहिल्यांदा टेकवला की येणारा तो बारीक आवाज. तिसरंच काहीतरी असेल, असंही वाटलं, पण ते काय ते समोर येईना. हे वाट बघत होते, घाई न करता, गेटवर उभे राहतात तसे.

"थांबा, भाजी लागेल," मी म्हटलं आणि गॅस बारीक करायला उठले. गॅस बंदच होता. जेवणं तर मघाशीच झाली होती.